कंपंक्शन: एका टोचणाऱ्या शब्दाची कहाणी

मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. माझे नाव कंपंक्शन. चूक झाल्यावर मनाला जी टोचणी लागते, ती मी.

मित्रांनो, माझा जन्म लॅटिनमध्ये झाला. तिथे 'पुंगेरे' म्हणजे टोचणे. टायरचे पंक्चर माझे सख्खे चुलत भावंड. पाद्र्यांनी मला मनाच्या टोचणीसाठी वापरले. फ्रेंचांचे बोट धरून मी इंग्रजीत आलो, त्याला सहाशे वर्षे उलटली. तेव्हा माझे नाव घेताना माणसांचे डोळे भरून येत. पुढे मी बोथट झालो. आता लोक बहुतेकदा 'कंपंक्शनशिवाय' एवढेच म्हणतात. मी नव्हतो, हे सांगायलाच माझी आठवण होते.

सध्या माझा मुक्काम जुळे सोलापुरातल्या एका रक्ततपासणी लॅबमध्ये, तिथल्या तरुण टेक्निशियन दानेश्वरीच्या एप्रनच्या खिशात. परीक्षेसाठी ती रोज दहा इंग्रजी शब्द कार्डावर लिहून पाठ करते. मंगळवारी त्यांत मी होतो.

रक्त काढल्यावर, माणूस समोर असतानाच नळीवर नाव लावायचे, असा नियम. त्या सकाळी गर्दी होती, म्हणून दानेश्वरीने नावे आधीच चिकटवून ठेवली. पुढच्या पेशंटसाठी तिने नळी उचलली, तर तिच्यावर नाव चन्नम्मा! म्हणजे आत्ताच रक्त देऊन गेलेल्या चन्नम्मा आजींचे रक्त दुसऱ्याच नावाच्या नळीत गेले होते. शीर सापडेना म्हणून त्यांना तीनदा टोचले होते. त्या अजून बाहेर बाकावरच होत्या.

"रक्त गोठलं म्हण की," ते बघून थोरले टेक्निशियन सिद्धारामसर हळूच म्हणाले. "सगळे तेच सांगतात."

दानेश्वरी बाहेर गेली. "आजी, परत टोचावं लागेल."

"आगं, तीन भोकं पाडलीस की! माझं रक्त खराब हाय व्हय?"

आजींचा चेहरा पांढराफटक पडला. 'गोठलं' म्हटले असते, तर ती भीती घेऊनच त्या घरी गेल्या असत्या.

"रक्ताला काही झालं नाही, आजी. चूक माझी. मी ते दुसऱ्याच्या नावाच्या नळीत भरलं."

आजींनी पदर सावरून दुसरा हात पुढे केला. "घे. ह्यो हात कोरा हाय अजून. पर नाव आता माज्यासमोर लिव्ह."

त्या वेळी माझा उच्चार कोणीच केला नाही. तरी कित्येक वर्षांत मला इतके बरे वाटले नव्हते.

मित्रांनो, मला पाठ केले नाहीत तरी चालेल. पण मी टोचलो, तर लगेच सबबीचे मलम शोधू नका. ज्याला खरे दुखले आहे, आधी त्याच्याकडे जा.