विकतचे केस

मी एक विग बोलतोय. काळाभोर, खांद्यापर्यंत रुळणारा. आपल्याबद्दल कुणी बोलू नये यातच माझ्यासारख्याचं यश असतं, पण आज मला राहवत नाही.

माझे केस कुणा अनोळखी मुलीचे. कारागीर बाईंनी ते बारीक आकड्यानं एकेक करून जाळीत गुंफले आणि मी दुकानाच्या काचेमागे जाऊन बसलो. तिथून एका थोरल्या बहिणीनं मला उचललं, धाकटीसाठी. धाकटी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. मुलं तिला मासोळी मॅडम म्हणत. तिला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि औषधांनी सगळे केस गेले होते.

"लोकांना कशाला कळायला हवं?" मला तिच्या डोक्यावर बसवत थोरली म्हणाली. "जितकी तोंडं तितक्या गोष्टी."

मासोळीनं मला घातलं, पण आमचं सूत काही जुळलं नाही. मी टोचायचो, घामानं सरकायचो. मला घालून पाण्यात उतरायची सोय नव्हती, म्हणून ती काठावरूनच शिकवायची. बक्षीस समारंभात पालकांनी तिच्यासोबत फोटो काढले. "मॅडम, केस काय सुरेख दिसतायत!" एक आई म्हणाली. मी आपला फुशारलो. मासोळी नुसती हसली.

पण पाण्यावाचून तिचा जीव कासावीस व्हायचा. एका सकाळी तिनं मला बाकावर काढून ठेवलं, तलावाच्या काठावर बसली आणि ताईला म्हणाली, "काढ फोटो. असाच." तो फोटो सोशल मीडियावर टाकून तिनं खाली लिहिलं, 'मला कर्करोग आहे. उपचार चालू आहेत. आजपासून मी पुन्हा पाण्यात.'

दिवसभर फोन वाजत राहिला. आलेले प्रतिसाद ताई मोठ्यानं वाचत होती. लाल बदाम, जोडलेले हात. शाळेनंतर कधी न भेटलेल्यांचं 'खंबीर राहा'. कुणी कडू पाल्याचा रस सुचवला, कुणी साखर सोडायला सांगितली. एकीनं तर आपली मावशी याच आजारानं कशी गेली ते सविस्तर लिहिलं होतं.

"पुरे आता," ताई म्हणाली.

"वाच गं. एवढी माणसं आहेत, आणि दाराशी एकही नाही."

मग एकानं बक्षीस समारंभातला फोटो टाकला. 'पंधरवड्यापूर्वी बाईंचे केस एवढे दाट, आणि आज टक्कल? सहानुभूतीची दुकानदारी आहे ही.'

ते दाट केस म्हणजे मी! जो तिला झाकायला आलो, तोच तिच्याविरुद्धचा पुरावा झालो. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं. बघता बघता शेकडो लोक 'हो ना' म्हणू लागले. काही पालकांनी मुलं पाठवणं बंद केलं.

"रिपोर्ट टाक आणि एकेकाचं तोंड बंद कर," ताई रडत म्हणाली.

"माझ्या छातीचे रिपोर्ट गावभर दाखवत फिरू?" मासोळीचा आवाज पहिल्यांदाच चढला. तिनं एकच ओळ लिहिली, 'त्या फोटोतले केस विकतचे होते.'

कुणी माफी मागितली. कुणी आपलं लिहिलेलं गुपचूप पुसलं. फोटो टाकणारा म्हणाला, 'मग आधी सांगायचं ना!'

त्यानंतर एका दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर एक अनोळखी बाई उभी होती, बँकेत काउंटरवर काम करणारी.

"मी तुमच्या फोटोखाली काहीच लिहिलं नाही," ती चाचरत म्हणाली. "लिहिलं असतं तर घरी कळलं असतं. मलाही तेच झालंय. पुढच्या आठवड्यात उपचार सुरू होतील. तुमचा तो... विग अजून आहे का?"

मासोळीनं मला कपाटातून काढलं, हळुवार विंचरलं आणि तिच्या हातात दिलं.

"मी भित्री आहे, नाही का?"

"छे गं. न सांगता माझा जीव घुसमटायचा, म्हणून मी सांगितलं. तुझं तू बघ. पण एका तरी माणसाला सांग."

तेव्हापासून मी बँकेत असतो. मासोळी मात्र आणखी काही महिनेच पाण्यात उतरू शकली. आजार पसरत गेला, आणि परवा ती गेली.

आज जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, "ती पोहायला शिकवणारी बाई गेली म्हणे. म्हणजे खरंच आजारी होती! मला आपलं वाटलं होतं, नाटक करतेय."

माझ्या बाईचा घास हातातच राहिला. तिनं हात वर नेला. मला वाटलं, मला सारखं करतेय. तिनं मला काढलं आणि टेबलावर डब्यांच्या मधोमध ठेवलं.

"हे केस तिचे आहेत. आता मी घालते."

सगळे गप्प झाले. या शांततेची मला धास्ती वाटते, कारण अशा शांततेनंतर लोक काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, तुमच्यापुढे कुणी आपलं दुखणं असं उघडं केलं, तर लगेच औषध सुचवू नका, पुरावा मागू नका. थोडं थांबा.

शेजारची खाली मान घालून बसली होती. बऱ्याच वेळानं ती उठली, आपली खुर्ची ओढत माझ्या बाईच्या शेजारी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "दवाखान्यात सोबत कोण असतं तुझ्या?"

"कुणी नाही."

"आता मी येईन."