एकवीस पहाटा

अकरा वर्षं खपून म्हाताऱ्यानं एक प्राचीन ग्रीक महाकाव्य इंग्रजीत आणलं, आणि संपादिकाबाईंनी त्यातल्या एकवीस पहाटा एका दुपारीत उडवल्या.

शेवटची प्रुफं घरी आली तेव्हा हे कळलं. मूळ काव्यात पहाट झाली की दर वेळी तीच ओळ येते, अक्षरन् अक्षर तीच. त्यानंही ती तशीच ठेवली होती. आता पहिल्या सर्गात पहाट होत होती. पुढे मंडळी नुसतीच उठत होती.

"माझंच काही चुकलं असेल," तो पुटपुटला.

"मग जाऊन विचारा," बायको म्हणाली.

"अगं, संध्याकाळी छापायला जाणार. त्यांना कशाला त्रास?"

"अहो, चाळीस वर्षं रोज सकाळी उठून 'माझा चष्मा कुठंय?' एवढंच विचारता. एक शब्द बदलला नाहीत. मी काढून टाकलं का तुम्हाला? उठा!"

कचेरीत बाई खुशीत होत्या. "सर, टाइप करताना तुमचा घोळ झाला होता. तीच ओळ पुन्हा पुन्हा! मी निस्तरलं सगळं."

"घोळ नाही हो तो! हे काव्य लोकांपुढे म्हणायचे. ती ओळ आली की ऐकणारा सावरून बसायचा, नवा दिवस लागला म्हणून." त्याचा आवाज चढला. "ती नको असेल तर माझं नावही काढा."

एवढं बोलून तो स्वतःच घाबरला.

बाईंनी कपाळावर हात मारला, जुनी फाइल उघडली आणि एकेक ओळ परत बसवू लागल्या. तासाभरानं म्हणाल्या, "झाल्या एकवीस. पण सर, शेवटच्या सर्गातली पहाट वेगळीच आहे. म्हणून तर माझ्या तावडीतून सुटली. मुळातच तशी आहे?"

त्यानं वाकून पाहिलं. वल्ह्यांवर राखेसारखा उतरणारा उजेड. सात वर्षांपूर्वी, पहिला खर्डा संपवताना, तीच ओळ लिहून लिहून विटल्यावर, त्यानं पदरची घातलेली. एकटा असला की तो ती हळूच वाचायचा.

"नाही. तिथं मलाच कवी व्हायची हुक्की आली."

"मग राहू द्या की! अख्ख्या पुस्तकात मला आवडलेली हीच एक ओळ."

अकरा वर्षांत त्याच्या कामाचं कुणी केलेलं हे पहिलं कौतुक. त्यानं लाल पेन उचललं आणि ओळीवर काट मारली.

"नेहमीचीच घाला," तो वैतागून म्हणाला. "आणि लवकर घाला, माझं मन फिरायच्या आत."