वर उगवती

"जळबाबुवा, आमचा तांडा कुठं नेऊन ठेवला तुमी?" वसराम नाईक देवळाच्या पायरीवर बसत म्हणाला.

जळबा गुरव महादेवाला बेल वाहत होते. "काहून? हाय तिथंच हाय की."

"तांडा हाय. रस्ता दुसरीकडं गेला. माळावर जाऊन थांबला, आन् तिथं पाटी लावली, तांडा म्हणून."

दोघे पाहायला गेले. रस्ता चांगला काळाभोर होता. देवळापासून निघून थेट उत्तरेला, खडकाळ माळावर संपत होता. पाटीखाली एक शेळी बसली होती. काम चालू असताना सगळ्या गावानं पाहिलं होतं. पण सरकारी काम आहे, पुढं वळवतील, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

रस्ता ज्यावरून आखला तो नकाशा जळबांचा होता. लग्नपत्रिकेच्या पाठीवर ते देऊळ काढत, तिथून ओढा, वड, मांडव. आणि वऱ्हाड जेवणाआधी बरोबर पोचे. जिल्हा नवा झाला तेव्हा हिंगोलीच्या एका कार्यालयात कपाटं आली, नकाशे यायचे राहिले. मग जळबांकडून काढून घेतलेल्या गावाच्या नकाशावर शिक्का बसला आणि तो सरकारी झाला.

वसरामला वाद घालायचा नव्हता. मागच्या पावसाळ्यात त्याच्या सुनेला, मिराबाईला, बाजेवर घालून दवाखान्यात नेताना लेकरू ओढ्यातच झालं. जगलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

दुसऱ्या दिवशी दोघे हिंगोलीला त्याच कार्यालयात गेले. साहेब तरुण होते, नम्र होते.

"काका, नकाशात वर उत्तर असते. तुम्ही तांडा वर दाखवलाय."

"वर उगवती हाय, साहेब. पूजेला बसल्यावर तोंड कुठं असतं?"

साहेबांना आठवेना.

"मंग तुमच्या नकाशात उगवतं कुठं?"

"उजवीकडे."

"उजव्या हाताला तर दक्षिण. यमाची."

साहेबांनी कागद फिरवला. जळबा खुर्चीसकट फिरले. तरी जुळेना.

"सगळीकडे असंच असतं, काका."

"ठरवलं कुणी?"

हे साहेबांना परीक्षेत विचारलेलं नव्हतं. ते म्हणाले, "कागदावर तांड्याला रस्ता झालाय. झालेला रस्ता पुन्हा देता येत नाही. नकाशाच चुकीचा होता असं लिहून द्या, म्हणजे नवा प्रस्ताव जाईल. पावसाळ्याआधी मुरूम तरी पडेल."

"लिहू नका," वसराम हळूच म्हणाला. "तुमचा बराबर हाय. आमाला ठाऊक हाय."

"तुमाला ठाऊक असून मिराबाई दवाखान्यात पोचंल का?"

जळबांनी लिहिलं. साहेबांनी वाचलं. "एवढं घाला: मला दिशांचे ज्ञान नाही. म्हणजे वर कुणी विचारणार नाही."

"वर म्हंजी उत्तरेला?" जळबांनी खरंच विचारलं.

त्यांनी तेही घातलं. सही केली.

बाहेर सूर्य बरोबर डोक्यावर होता. एसटी डेपोच्या आवारात जळबा दोनदा निघाले, दोनदा थांबले.

"नाईक, आपली गाडी कुठं लागती?"

वसरामनं म्हाताऱ्याचा हात धरला आणि अर्धं पाऊल मागे राहून चालू लागला. बघणाऱ्याला वाटावं, जळबाच त्याला नेतायत.