बापाची दृष्ट

घटस्फोटात निकेतच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या: चौलची सुपारीची वाडी, एक मिक्सर आणि एक रविवार सोडून मुलगी. वाडी आणि मिक्सर ठीक चालले होते.

मुलीचं नाव क्रांती, वय आठ. पूर्वी ती बापाच्या खांद्यावरून उतरत नसे. आता किहीमहून, आईच्या माहेरून, त्याच्या गाडीत बसायची ती मागच्या सीटवर, तोंड खिडकीकडे करून. गालावर काजळाची भलीमोठी तीट. आणि दिवसभर एकच पालुपद, "पप्पा, माझ्याकडे बघू नका."

पूर्वी 'ए पप्पा' होतं. हा आदर आला कुठून, या विचाराने निकेतची झोप उडाली. त्याला हेमांगीचा, म्हणजे माजी बायकोचा, संशय आला. मग मेहुण्याचा, शिकवणीच्या बाईंचा. शेवटी किहीमच्या कुत्र्याचाही, कारण हल्ली तेही शेपूट हलवताना हात राखूनच हलवत होतं.

तो अलिबागला शिवदास वकिलांकडे गेला.

"काका, तिचं मन कुणीतरी कलुषित करतंय."

"कायद्यात उपाय आहेत की. भेटीचा आदेश पाळला नाही तर अंमलबजावणीचा अर्ज. मुद्दाम मोडला तर अवमानाचा. पोरगी पाठवतात ना?"

"पाठवतात."

"वेळेवर?"

"आधीच फाटकात उभी असते."

"मग मी लिहू काय? आई वेळेआधी पोरगी पाठवते, न्यायालयाने गंभीर दखल घ्यावी?" वकिलांनी चष्मा पुसला. "समुपदेशक मागू. पोरीला पढवतात हे सिद्ध झालं तर ताबाही बदलून मागता येईल. पण न्यायाधीश तिलाच आत बोलावून विचारतील. ती काय म्हणेल?"

निकेत उठायला लागला.

"आणि हो, तू तिची उलटतपासणी घेऊ नकोस. तेही पढवणंच झालं."

निकेतने सल्ला नीट ऐकून घेतला आणि तो तिथेच ठेवून आला. पुढच्या रविवारी भजी पुढे करत त्याने उलटतपासणी सुरू केली.

"आई माझ्याबद्दल काही बोलते?"

"नाही."

"कुलदीपमामा?"

"मामा पुण्याला असतो."

"आणि आजी?"

"आजी तर तुमचं नावसुद्धा काढत नाही."

उत्तर जरा जास्तच निर्मळ होतं. "मग बघू नका, बघू नका, हे काय?"

क्रांतीने बशी तोंडासमोर धरली. बशीमागून आवाज आला, "दृष्ट लागते."

"कुणाची?"

बशी हलली नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. क्रांती इथून घरी गेली की सगुणाआजी तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवून टाकायची. आल्याची, गेल्याची, वाटेवरच्या पाखराचीसुद्धा म्हणायची, बापाचं नाव नाही. मिरच्या निखाऱ्यावर पडायच्या. ठसका लागला तर दृष्ट नव्हती. पण ठसका कधी लागायचाच नाही.

"शाळेतून आले की काढत नाही. मावशीकडून आले की काढत नाही. तुमच्याकडून आले की मात्र काढते. मग कळतंच ना."

निकेतने मनोमन सासूबाईंना साष्टांग दंडवत घातलं. अवाक्षर नाही, पुरावा नाही, आणि साक्षीला मिरच्या! शिवदासकाकांनी यांची उलटतपासणी कशी घ्यावी?

"निखारे असतात कुठे गं?"

"मागच्या अंगणात. विहिरीपाशी."

ते अंगण निकेतला लग्नापासून ठाऊक होतं. तिथे वाळत घातलेले पापड संध्याकाळी उडून शेजाऱ्यांच्या माडाखाली सापडत. मिरच्यांचा ठसकाही इतके महिने शेजारीच खात असणार.

"आज मी तुझ्याकडे दिवसभर बघणार," तो म्हणाला. "अगदी डोळे भरून. निघताना दृष्ट काढू. मिरच्या काय ते सांगतील."

क्रांतीने बराच विचार केला. "मिरच्या मी निवडणार."

"निवड."

तो दिवसभर बघत राहिला. झोपाळ्यावर ती, समोर हा. ती मधूनच गाल चाचपून बघायची. निघायच्या वेळी तिने बरणीतल्या मिरच्या एकेक हुंगून काढल्या. निकेतने स्वयंपाकघरात शेगडी पेटवली, तिच्यावरून मूठ उतरवली आणि निखाऱ्यावर टाकली. मिरच्यांचा काय भरवसा?

क्षणभर काहीच नाही.

मग असा खकाणा उठला की दोघांना श्वास घेता येईना. "पप्पा, दार उघड! दार!" धडपडत दोघं अंगणात आली. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, गालावरची तीट हनुवटीपर्यंत ओघळलेली.

"नाही लागली," ती खोकत म्हणाली. मग थांबली. डोळे बारीक झाले. "मग आजीकडे ठसका का येत नाही?"

निकेतच्या जिभेवर आजीच्या हेतूबद्दलचं वाक्य तयार होतं. चांगलं तिखट होतं, आणि खरंही असावं. एवढं बोललं की पोरगी आजीच्या मुठीकडे जन्मभर संशयाने बघणार. त्याने वाक्य गिळलं. मिरचीपेक्षा ते जास्त झोंबलं.

"तिकडे वारा असतो गं. धूर उडून जातो. पुढच्या वेळी आजीला घरात काढायला सांग."

"नक्की वाराच?"

"वाराच."

परतताना ती पुढच्या सीटवर बसली. हा काहीतरी लपवतोय अशा नजरेने किहीमपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. निकेतने तक्रार केली नाही. बघत तरी होती.