ऐंशी किलोमीटर तिसऱ्या गिअरमध्ये

मी गाड्या नापास करतो. पगार त्याचाच मिळतो. पास केल्या तरी तेवढाच मिळतो, पण लोकांच्या लक्षात नापास केलेल्याच राहतात.

मे महिन्यात मी माझ्या सख्ख्या आत्याची गाडी नापास केली. इम्पी आत्या एकाहत्तर वर्षांची, तिची निळी डिझेल गाडी तेवीस वर्षांची. तपासणीत डिझेल गाडीचं इंजिन उभ्या उभ्या जोरात फिरवतात आणि मागे नळी लावून धूर मोजतात. मर्यादा तीन. आत्याचा आकडा आला चार पूर्णांक सहा. शेडमधले दिवे लागले. ते आपोआप लागतात, अंधार झाला की.

"तूरे," आत्या मला नावाने हाक मारून म्हणाली, "तुझ्या बारशाला मी मोजे विणले होते."

"मोजे आठवतात, आत्या. पण धूर यंत्र मोजतं, आणि त्याला तू काही विणलेलं नाहीस. दोन महिन्यांची मुदत आहे. तोवर दुरुस्त करून आण, नाहीतर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही."

गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, त्यात तसल्या दोन गाड्या आल्या असत्या. म्हणजे गाडी पास, नाहीतर भंगारात.

आता गाडी गेली तर काय एवढं, असं कोणी म्हणेल. तर उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे ऑगस्टअखेरपर्यंत, दर शनिवारी तळ्याकाठच्या नाचमंडपात नाच असतो, चौपन्न किलोमीटरवर, आणि तिकडे बस जात नाही. तिथे सात ते आठ हा तास बायकांचा. त्या तासात बायकांनी पुरुषांना नाचायला बोलवायचं आणि पुरुषांनी नाही म्हणायचं नाही. दोन उन्हाळे आत्या रेइनो नावाच्या निवृत्त दंतवैद्याला बोलवत होती. ती नाही पोचली, तर तिथेच नाचायला येणारी माइरे त्याला बोलवणार. माइरेचे दोन दात रेइनोनेच बसवलेत, त्यामुळे तिला तो आपला हक्क वाटतो.

पहिले सात आठवडे चर्चेत गेले. चर्चा पेट्रोल पंपाच्या कॉफीच्या टेबलावर व्हायची. एका बाजूला कौको. हा शेतकरी, वय पंचावन्न, शिवाय गावच्या हौशी अग्निशमन दलाचा गटप्रमुख. दुसऱ्या बाजूला एन्सिओ सर. यांनी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं.

"इम्पीताई, एक बाटली," कौको म्हणायचा. "इंजिनाच्या तेलात ओतायची. आतली काजळी विरघळते. माझा ट्रॅक्टर बघा."

"तुझा ट्रॅक्टर दोन वर्षं बंद आहे," सर म्हणायचे.

"बंद आहे, पण आतून स्वच्छ आहे."

"अरे, त्या बाटलीत रॉकेल, जांभळा रंग आणि आशा, एवढंच असतं. वेळेवर तेल बदललं की झालं. तेल बनवणाऱ्यांनी जे घालायचं ते आधीच घातलेलं असतं."

"सर, तुम्ही मला नववीत नापास केलंत."

"आणि ते किती बरोबर होतं, हे मला रोज पटतंय."

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी, कौको बाटली घेऊन आत्याच्या अंगणात हजर झाला. सर ती ओतू न देण्यासाठी हजर झाले. आत्या गावची ग्रंथपाल होती. छापलेलं काहीही ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तिने बाटलीसोबतचं पत्रक मागून घेतलं, चष्मा लावला आणि अगदी खालची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली.

"औषध घातल्यावर गाडी सलग ऐंशी किलोमीटर, न थांबता, खालच्या गिअरमध्ये, इंजिन तीन हजारांच्या वर फिरवत चालवावी."

कौको बारा वर्षं हे औषध वापरत होता, पत्रक त्याने प्रथमच ऐकलं.

"मग औषध कशाला?" सर म्हणाले. "नुसती तशी चालवली तरी काजळी जळून जाईल. इम्पी, तू गाडी कशी चालवतेस?"

"लाउरीने शिकवली तशी. पाचव्या गिअरमध्ये पन्नासने."

लाउरी आतोबा जाऊन एकतीस वर्षं झाली. इंजिनाला त्रास द्यायचा नाही, हे त्यांचं शेवटून दुसरं वाक्य. शेवटचं आत्या सांगत नाही.

"म्हणजे तेवीस वर्षं या इंजिनाला घाम आलेला नाही," सर म्हणाले. "धूर काढणार नाही तर काय करेल?"

"औषध लागत नसतं तर पत्रक कशाला छापलं असतं?" असं म्हणत कौकोने बॉनेट उघडलं आणि मान मागे वळवून सरांशी भांडत भांडत बाटली रिकामी केली.

पुढचं मला तिघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि तिघांचं जुळलं. कौको आणि सर एका मुद्द्यावर जुळलेत म्हणजे ते घडलं असणारच.

आत्या चालवायला, कौको शेजारी, सर मागे. महामार्गावर आत्याने तिसरा टाकला आणि ऐंशीवर नेली. इंजिन किंचाळायला लागलं. मागून जो धूर निघाला, त्याने मागचा रस्ता, त्याच्या कडेची शेतं आणि दोन गावं दिसेनाशी झाली. सर मागच्या काचेतून बघत होते आणि अधूनमधून "आता चर्च गेलं" अशी माहिती देत होते.

बाराव्या किलोमीटरला कौकोचा फोन वाजला. अग्निशमन दलाचा इशारा होता. चालत्या वाहनाला आग, निळी गाडी, दक्षिणेकडे जात आहे. त्या आठवड्याची पाळी कौकोची होती. गटप्रमुखाने लगेच परिस्थिती कळवायची असते.

"कौको बोलतोय," तो नियंत्रण कक्षाला म्हणाला. "वाहन दिसतंय. आग नाही, फक्त धूर."

"किती अंतरावरून दिसतंय?"

"आतून."

पलीकडून विचारणा झाली, चालक शुद्धीवर आहे का?

"इम्पीताई, थांबायला सांगतायत."

"पत्रकात न थांबता लिहिलंय."

"शुद्धीवर आहे," कौकोने कळवलं.

धूर पूर्ण थांबेपर्यंत बंबाने माघारी फिरायचं नाही, असा नियम आहे. त्यामुळे बंब मागे लागला आणि निळा दिवा लावून अडुसष्ट किलोमीटर मागेच राहिला. पंचावन्नाव्या किलोमीटरला धूर करडा झाला. सत्तराव्याला सर म्हणाले, "मला बंबाच्या ड्रायव्हरचा चेहरा दिसतोय. तो जेवतोय."

साडेचारला दोन्ही वाहनं माझ्या दारात उभी राहिली. आमचं केंद्र पाचला बंद होतं. मी नळी लावली, इंजिन फिरवलं. दोन पूर्णांक एक.

"औषध!" कौको ओरडला.

"तिसरा गिअर!" सर ओरडले.

आत्या पुढच्या काचेकडे बघत होती. तेवीस वर्षांत तिच्या काचेवर कधी किडा चिकटला नव्हता, कारण पन्नासने येणारी गाडी बघून बाजूला व्हायला किड्यांना भरपूर वेळ मिळे. आज काच अगदी भरून गेली होती. मी कागदावर सही करायला पेन उचललं आणि आत्याने काच धुवायचं बटण दाबलं.

दोन्ही बाजूंनी जांभळं तेल उडालं. वायपरने ते मन लावून सगळीकडे सारखं पसरवलं.

सगळे काचेकडे बघत राहिले. मग सगळे कौकोकडे बघायला लागले.

"कुठल्या झाकणात ओतलंस रे?" सरांनी हळूच विचारलं.

"मी तुमच्याशी बोलत होतो."

सर हसले. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनाही सवय नसावी, कारण मध्येच त्यांना खाली बसावं लागलं.

"हसा, सर, हसा. पण औषध गाडीत होतं की नव्हतं?" कौको म्हणाला. "गाडीतच होतं!"

मला हसता येत नव्हतं. ज्या गाडीच्या काचेतून समोरचं दिसत नाही, ती मी पास करू शकत नाही, मग धूर कितीही असो. पाचला वीस मिनिटं कमी होती आणि मुदत पाचला संपत होती.

"तूरे," आत्या म्हणाली. या वेळी मोज्यांचं नाव काढलं नाही. आवाज बारीक झाला होता. "उद्या शनिवार आहे रे."

मी बंबाकडे पाहिलं. कौकोनेही पाहिलं. शेवटी तो गटप्रमुख होता.

"पोरांनो, पाइप काढा!"

मी आतून भांडी घासायचा साबण आणला. चार जवानांनी हेल्मेट घालून काच घासली, एकाने काचेच्या पाण्याची टाकी उपसली, सर गुडघ्यावर बसून वायपर पुसत "साबण जास्त घे, हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, नववीतच शिकवलं होतं" असं सांगत होते. पाचला तीन मिनिटं असताना मी सही केली. अहवालात काय लिहायचं, हे कौकोला रात्रीपर्यंत सुचेना. शेवटी त्याने लिहिलं, "एक काच विझवली."

शनिवारी आत्या नेहमीच्याच वेळी घरून निघाली आणि नेहमीच्या गिअरमध्ये गेली नाही, त्यामुळे मंडपात तिकीटवालीच्याही आधी पोचली. रेइनो आला सातला दहा मिनिटं असताना, टॅक्सीने. त्याची गाडी गुरुवारी नापास झाली होती. ब्रेक. मीच केली, आणि ब्रेकला मुदत मिळत नाही. त्यावर कोणी बाटली सुचवली नाही. सातच्या ठोक्याला आत्या त्याच्यासमोर उभी होती आणि माइरे अजून कोट टांगत होती. परतीला टॅक्सी मिळेना, म्हणून आत्याने त्याला घरी सोडलं.

सोमवारी रेइनो फेरतपासणीची वेळ घ्यायला माझ्याकडे आला. थोडा फिकट दिसत होता.

"तुझी आत्या नेहमी अशीच चालवते?"

"नाही. शुक्रवारपासून."

"आणि आता अशीच चालवणार?"

"तब्येतीला चांगलं असतं, डॉक्टर. इंजिनाच्या."

त्याने मान डोलावली.

"तुमच्यासाठी उद्या सकाळी नऊची वेळ मोकळी आहे," मी म्हणालो. "ब्रेकचं काम गॅरेजमध्ये आजच होईल."

"छे, एवढी घाई नको, शनिवारी इम्पी मला न्यायला येणार आहे," रेइनो म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं स्वतःच उलटू लागला. नाचमंडप एकतीस ऑगस्टला बंद होतो. त्याने दोन सप्टेंबरची वेळ घेतली.