भरल्या ताटावरून

मित्रांनो, फालेतिया गावच्या पोलीस ठाण्याची मी जुनी गाडी. पुढे दोघांची जागा, मागे उघडा हौदा. सामोआच्या खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा पार खाल्ला आहे आणि उजवे दार दोन लाथा घातल्याशिवाय लागत नाही. पण त्याचे मला काही वाटत नाही. मला लाज वाटते ती एका रविवारची, आणि आज तीच मी तुम्हाला सांगणार आहे.

मी बोटीतून इथे उतरले तेव्हा पाद्रीबाबांनी माझ्या टपावर हात ठेवून प्रार्थना केली होती. ठाण्याचे मुख्य अधिकारी लाफाएलेसाहेब यांनी माझ्या आरशाला फुलांची माळ घातली. काय तो माझा तोरा! साहेबांचा दिवस पहाटे माझ्या काचा पुसण्याने सुरू होई. आधी शाळेपाशी उभे राहायचे, मग धक्क्यावर बोटीची गर्दी आवरायची. कुणाचे डुक्कर कुणाच्या अळूच्या मळ्यात शिरले, की दोन्ही घरांना समोरासमोर बसवायचे. वादळाची सूचना आली की दारोदार जाऊन सांगायची. एकदा तर एक बाळ माझ्याच हौद्यात जन्मले. त्याच्या आजीने सगळ्या नातेवाइकांसमोर माझ्या बोनेटचा मुका घेतला होता.

अशी मी गावची लाडकी. आणि तो रविवार आला.

सेमिसी नावाच्या कोळ्याच्या होडीचे इंजिन शनिवारी नाहीसे झाले. रविवारी सकाळी तो ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. "एलिउनेच नेलं, साहेब! माझ्या डुकराने त्याचा मळा तुडवला म्हणून चार दिवसांपूर्वी इथंच माझ्या अंगावर धावला होता ना?"

साहेबांनी ते भांडण डोळ्यांनी पाहिले होते. वरच्या कचेरीतून त्यांच्यामागे चोऱ्यांच्या तपासाचा लकडाही लागलेला होता. त्यांनी मला सुरू केले.

एलिउच्या घराला सगळ्यांच्या घरांसारख्या भिंती नव्हत्या, नुसते खांब आणि छप्पर. चर्चहून परतलेली माणसे पांढऱ्या कपड्यांत जेवायला बसली होती. तापल्या दगडांवर भाजलेले अळकंद नुकतेच वाढले होते. एलिउचा म्हातारा बाप, तुइला, घराण्याचा प्रमुख होता. तो म्हणाला, "या लाफाएले, आधी दोन घास खा."

साहेब बसले नाहीत. "एलिउ, चल."

त्यांनी त्याला भरल्या ताटावरून उठवले आणि माझ्या हौद्यात बसवले. मग सायरन लावून सगळ्या गावातून फिरवले. मित्रांनो, मला सांगताना शरम वाटते, पण मी त्या दिवशी फार जोरात ओरडले. सगळे गाव माझ्याकडे पाहते आहे याचा मला आनंद झाला होता.

मंगळवारी इंजिन सापडले. सेमिसीच्या बायकोच्या भावाने ते पलीकडच्या बेटावर नेले होते. घरचे सगळे चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेले होते, मग विचारणार कुणाला? आणि सोयऱ्याची वस्तू नेताना आमच्याकडे विचारतो तरी कोण? वस्तू दिसेनाशी झाली की आधी सोयऱ्यांची घरे पाहायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. साहेबांना ठाऊक नव्हते का? चांगले ठाऊक होते.

त्यांनी एलिउला मागच्या दाराने सोडले. "जा घरी. मिटलं सगळं," एवढेच म्हणाले.

मिटले कसले! म्हातारा तुइला गावच्या बैठकीला जायचा बंद झाला. एलिउ मान खाली घालून समुद्राच्या कडेकडेने जाऊ लागला. आणि ठाण्याची पायरी ओस पडली. डुकरांची भांडणे यायची थांबली, आजारी माणसे लोक खांद्यावरून नेऊ लागले. मी उंच नारळाखाली नुसती उभी.

एका संध्याकाळी साहेबांची बायको फेतू माझ्या चाकापाशी उभी राहून म्हणाली, "लोकांना तुम्ही रोज सांगता, चुकलात तर माफी मागायला चटई घेऊन जा. मग तुमची चटई कुठं आहे?"

"मी अधिकारी आहे, फेतू. वरचे काय म्हणतील?"

"वरचे कुठं या गावात राहतात? राहायचं आपल्याला आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साहेब एलिउच्या अंगणात जाऊन मांडी घालून बसले. फेतूने घराण्यातली केवड्याच्या पातीची बारीक विणीची चटई त्यांच्या डोक्यावरून पांघरवली. आमच्याकडे अपराधी माणूस असा माफी मागतो. घरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर त्याला चोपले तरी कुणी अडवत नाही. मी रस्त्यावर उभी राहून सगळे पाहत होते.

ऊन चढले. गाव गोळा झाले. चटईखालून साहेबांचा घाम जमिनीवर ठिबकत होता. एलिउ खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातात नारळ सोलायचा कोयता होता, आणि माझ्या टाकीतले तेल गोठल्यासारखे झाले.

शेवटी म्हातारा तुइला काठी टेकत आला आणि त्याने चटई उचलली. "ऊठ, पोरा. उन्हात किती बसशील?"

साहेब रडत होते. "माझं चुकलं, बाबा. एलिउ, मी गावासमोर तुझी अब्रू घेतली. तू शिव्या दे, मार, काहीही कर."

एलिउने कोयता खाली ठेवला. "मारून काय करू? मला एवढंच सांगा, साहेब. घरापासून ठाण्यापर्यंत, आणि पुढं दोन दिवस, तुम्ही मला एक प्रश्न का नाही विचारलात?"

"कोणता?"

"इंजिन तू नेलंस का, हा."

तो प्रश्न त्या दिवशी मलाही सुचला नाही, मी नुसती ओरडत होते.

मित्रांनो, माझा गंज खरवडा, चाकांत हवा भरा, मला खूप आनंद होईल. पण उद्या तुमच्यापैकी कुणी मोठे अधिकारी झालात, तर माझ्यासारखीच्या हौद्यात माणूस बसवण्याआधी त्याच्या शेजारी बसा, त्याने वाढलेले दोन घास खा, आणि त्याला विचारा.