सिनेमातला नलूचा भाग

गेल्या पोळ्याच्या सुमारास आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. रॉटरडॅमहून अंकिता नावाच्या मुलीने ते लिहिलं होतं. ती सिनेमा करत होती. त्यातली माणसं एकमेकांना कधी भेटत नाहीत, फक्त कॉफीने जोडलेली असतात. इथिओपियात कॉफीची फळं तोडणारी बाई, हॉलंडमध्ये कॉफी भाजणारा विधुर आणि देवळीची नलू.

नलू माझी बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली. अंकिताची आजी मोहिनी ही सिंदी गावची, नलूची शाळेतली मैत्रीण. मास्तर नवऱ्याबरोबर इथिओपियाला गेलेली. तिला नलूने म्हणे अकरा पत्रं लिहिली. ती सिनेमात घ्यायला माझी परवानगी हवी होती, सोबत आधार कार्डाची प्रत.

"मामाजी, आधार मांगते म्हणजे फ्रॉडच," भाचा सचिन म्हणाला. "अन् मामी काऊन लिहीन पत्रं? किराण्याची यादी तं तुम्हीच लिहत होते!"

मला पटलं. मी वाचनालयात चाळीस वर्षं काढलेला माणूस. घरात लिहिणारा मीच, असा माझा समज. पण एक शंका मी सचिनला सांगितली नाही. पत्रं खरी असतील, तर नलूने ती माझ्यापासून लपवली. का?

परवा दुसरं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत उत्तर न आल्यास नलूचा भाग कापावा लागेल. सोबत एका पत्राची झेरॉक्स. अक्षर भिंगाखाली धरलं. तिचंच वाटलं, पण अक्षराची नक्कलही करता येते. मग वाचलं.

"मोहिने, तू धाडलेले कॉफीचे कच्चे दाने मी कडधान्य समजून भिजवले, उसळ केली. तीन तासांत शिजली नाई. ह्याईनं वाटीभर खाल्ली अन् म्हनले, चांगली झाली! मी तं पहिलाच घास थुकला. आता तुह्या पत्राचं सांगू कसं? दाने कशाचे होते हे बी सांगा लागन. बिचारे लाजतीन."

त्या दिवशी जेवायला आम्ही दोघंच होतो; उसळीचं तिसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

मी तीन मसुदे फाडले. चौथ्यात लिहिलं, "परवानगी आहे. उसळ फार कडू होती, हे मला पहिल्या घासालाच कळलं होतं. सिनेमात नलूची भूमिका करणाऱ्या बाईंना तेवढं सांगावं."

परवानगीच्या फॉर्मवर सही केली, आधारची प्रत जोडली आणि सचिनला न विचारता पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केलं.